कोर्सवाल्या अक्का

धरणगावात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला नाव, गाव, जात, लग्न यांपैकी काहीच विचारलं नाही. खाली त्यांची पिठाची गिरणी होती आणि वरची खोली भाड्यानं द्यायची होती. गिरणी चालू होती. पट्ट्याच्या घरघराटावर आवाज चढवून त्यांनी विचारलं, "कोणतं औषध चालत नाही तुम्हाला?"

मला वाटलं, आपण ऐकण्यात काहीतरी चुकलो.

"औषध?"

"हां, औषध. गोळी, इंजेक्शन, काही. कशानं अंगावर गांधी उठतात, कशानं तोंड सुजतं?"

"कशानंच नाही."

"आईला विचारलंय कधी?"

नव्हतं विचारलं. तिथेच, पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकावर बसून मी जामनेरला आईला फोन लावला. आई म्हणाली, तुला काही नाही गं, पण तुझ्या वडिलांना पेनिसिलिन चालत नाही. लग्नाआधी एकदा इंजेक्शन घेतलं तर घरी येताना गाडीतच बेशुद्ध पडले होते. ज्या घरात लहानाची मोठी झाले, त्या घरातली ही गोष्ट मला एका गिरणीवालीमुळे कळली.

"बघ," त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांनी मला अहो वरून अगं वर आणलं होतं. "उद्या वडिलांना काही झालं आणि तू सोबत असलीस, तर डॉक्टरला काय सांगितलं असतंस? जा, वर खोली बघून घे. पंखा आवाज करतो, पण वारा देतो."

त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं. पाठीमागे 'कोर्सवाल्या अक्का'. मी तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायला आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कोर्सवाल्या अक्कांकडे ऱ्हातस का?" मला वाटलं, अक्का कसले तरी क्लास घेतात. शिवणाचे वगैरे. नंतर कळलं, कोर्स म्हणजे गोळ्यांचा.

गिरणीच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि शेजारी औषधाचं दुकान. त्यामुळे आजारी माणूस दवाखान्यातून निघाला, औषध घेतलं आणि वळला, की तो अक्कांच्या टप्प्यात यायचा. दळणामागून दळण टाकता टाकता त्या तिथूनच हाक मारायच्या. गिरणीच्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचंच नाही. कानही जरा कमी झाले होते. तुमचा आजार त्यांना सांगायचा म्हणजे गल्लीला सांगण्यासारखं होतं.

"काय दिधं डाक्टरनी?"

माणूस पिशवी उघडून दाखवायचा. न दाखवून करतो काय? त्याच्या घरचं दळण आत रांगेत लागलेलं असायचं.

अक्का काही शिकलेल्या नव्हत्या. सातवीतून शाळा सुटलेली. पण डॉक्टरांच्या मागे लागून लागून, रोज संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की जाऊन बसून, त्यांनी बरंच काही गोळा केलं होतं. कुठली गोळी जेवणावर, कुठली उपाशीपोटी. कुठल्या गोळीच्या आगेमागे दूध नको. आणि डॉक्टरही सज्जन माणूस. ते म्हणायचे, "मी एका पेशंटला दोनदा सांगू शकतो. अक्का दळण होईपर्यंत सांगतात."

एकदा माझ्या देखत त्यांनी कापूस वेचणाऱ्या एका बाईला थांबवलं होतं. तिला ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्यावर उन्हात फिरलं की कातडी भाजते. अक्कांनी तिला सांगितलं, "या गोळ्या चालू शेतस तवलोंग फुल बाह्याचं पोलकं घाल, डोक्यावर पदर घे. आनी गोळी ग्लासभर पानीसंगे ले. लगेच आडी पडू नको, घशात चिकटस ती." बाई हो हो म्हणत गेली. दोन दिवसांनी कोपरापासून खाली लालभडक हात घेऊन परत आली. अक्का तिच्यावर इतक्या ओरडल्या, की औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा बाहेर येऊन बघायला लागलं. ओरडून झालं. मग आत जाऊन स्वतःच्या ट्रंकेतलं लांब बाह्यांचं पोलकं काढून तिला दिलं.

त्यांचा तो ओरडा फार प्रसिद्ध होता. त्याचीच गोष्ट पुढे मला सांगायची आहे.

पण आधी आमच्या गल्लीतल्या नानांचं सांगते, कारण ते आठवलं की मला अजून एकटीला हसू फुटतं. नाना म्हणजे निवृत्त तलाठी, टोपी, स्वच्छ धोतर, बोलणं तोलून मापून. त्यांना आव झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अक्कांनी पिशवीत बघितलं आणि नानांच्या बायकोसमोर म्हणाल्या, "नाना, या गोळीबरोबर ती चालत नाही बरं."

"ती कोण?" नानांच्या बायकोनं विचारलं.

"ते नानांना माहीत."

नाना टोपी सारखी करत घरी गेले. पुढे त्याच आठवड्यात पुतण्याची हळद होती. मांडवामागे 'ती' होतीच. नानांनी विचार केला असणार, की घोटभरानं काय होतं. घोटभरानं असं झालं, की तोंड शेंदरासारखं लाल, छातीत धडधड, आणि उलट्या थांबेनात. वाजंत्री थांबवून नानांना दवाखान्यात आणलं. अक्का हळदीच्या हातानं मागून आल्या. सगळ्यांना वाटलं, आता गल्ली हादरणार. पण नाना बरे होऊन डोळे उघडेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाना, ती अशी लपूनछपून भेटली, की अशीच अंगावर येते." नानांच्या बायकोला सगळं तेव्हाच कळलं. नानांनी नंतर सोडली की नाही, माहीत नाही. पण अक्कांच्या गिरणीत दळण टाकायला ते पुन्हा कधी स्वतः आले नाहीत.

मलाही एकदा घशाचं झालं होतं. ताप, गिळता येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि आधी दोन दिवस नुसतं तापाचं औषध दिलं, म्हणाले, प्रत्येक घशाला अँटिबायोटिक लागत नाही. माझा ताप उतरला नाही तेव्हा मग ते दिलं. अक्का वर आल्या. त्यांना जिने चढायचा त्रास होता, तरी आल्या. हातात मऊ मुगाची खिचडी.

"वडिलांचं सांगितलंस ना डॉक्टरला?"

"सांगितलं. म्हणाले, वडिलांना होतं म्हणून तुला होईलच असं नाही, पण वेगळंच देतो."

"शाणा आहे तो. आता खा, आणि माझ्यासमोर घे."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायला लावतील की काय, असं मला वाटलं. त्या दिवसापासून खालून रोज हाक यायची, सकाळी आणि संध्याकाळी. "मॅडम! लिधी का?" मी खिडकीतून "लिधी!" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं, कॉलेजला जायची घाई होती, मी खिडकीतून म्हटलं, "अक्का, आता बरी आहे!"

खालची गिरणी बंद झाली. पट्टा हळूहळू थांबत गेल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. अक्का रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"बरी आहे ते मी विचारलं? गोळी लिधी का, ते विचारलं. बरं वाटलं म्हणून सोडली, तर किडे मरत नाहीत, शहाणे होतात. पुढच्या वेळी हीच गोळी त्यांच्यापुढे हात जोडते. मधमा सोडानी नही. काही झालं तरी सोडानी नही!"

मी मुकाट्यानं गोळी घेतली.

'काही झालं तरी सोडानी नही.' हे वाक्य गल्लीत पोराबाळांना पाठ होतं. लहान मुली सागरगोट्या खेळताना एकमेकींना तसं दरडावायच्या. औषधाच्या दुकानात कुणी येऊन म्हणालं, की "मागच्या वेळच्या दोन गोळ्या द्या फक्त," तर दुकानदार समोर बोट दाखवायचा. एक आई मोठ्या मुलाच्या उरलेल्या औषधाची बाटली धाकट्याला देत होती. अक्कांनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि रस्ता ओलांडून डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "उरली कशी, ते इचारा आधी," म्हणाल्या.

अशी बाई. लोक हसायचे, कुरकुरायचे, पण दळण तिथेच आणायचे, कारण कळण्याच्या भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ तालुक्यात कुठे तसं मिळत नव्हतं, आणि कारण आजारपणात अक्कांची हाक आली नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. मी दुसऱ्या वर्षी स्वतःला बजावलं होतं, की बदलीचा अर्ज करायचा नाही.

वंदना गिरणीच्या मागच्या घरात राहायची. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ती घरी शिलाई करायची. माझी पोलकी तीच शिवायची. फार हळू बोलायची, आणि हसताना तोंडावर हात ठेवायची. तिला लघवीची जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी तपासलं, विचारलं, "कुठल्या औषधाचा त्रास?" तिनं नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं, त्याआधी तिला फारशी औषधं घ्यावी लागलीच नव्हती. त्यांनी गोळ्या दिल्या. अक्कांनी पिशवी बघितली, भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं, आणि ते नेहमीचं वाक्य.

नंतर बरेच दिवस वंदना दिसली नाही. मी एकदा पोलकं आणायला गेले तर सासू दारातूनच म्हणाली, "तिले बरं नही. ताप शे." मला वाटलं, असेल ताप.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. मी कॉलेजातून आले होते आणि गिरणीच्या बाकावर बसून अक्कांशी बोलत होते. आत दोन-तीन बाया होत्या. वंदना बाजरीचा डबा घेऊन आली. डोक्यावरून, तोंडावरून ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे बाहेर. आणि ते डोळे लाल. डबा ठेवून ती लगेच वळली.

"वंदे, तोंड दखाड."

"काही नही अक्का. ऊन लागनं."

"दखाड म्हनते ना!"

तिनं ओढणी खाली केली. मी बाकावरून उठून उभी राहिले. ओठ सुजून फुटलेले, कडेला रक्ताची खपली. गालांवर, मानेवर तांबडे-जांभळे चट्टे, मधे मधे भाजल्यासारखे फोड. तिला बोलताना तोंड नीट उघडता येत नव्हतं.

"कवापासून?"

"चार-पाच दिवस. आधी खाजच व्हती."

"आनी गोळ्या?"

वंदना घाबरून म्हणाली, "चालू शेतस अक्का. एक बी चुकाडी नही. सकायलेबी लिधी." मग अक्कांचा चेहरा बघून तिला वाटलं, की आता ओरडा बसणार. ती रडकुंडीला आली. "सासू म्हने, बंद कर. मी म्हनी, अक्का बोलतीन. तुम्हीच सांगतस ना, काही व्हयनं तरी सोडानी नही."

गिरणी चालूच होती. अक्का ओरडल्या नाहीत. त्या तिथेच उभ्या होत्या, हात पिठात माखलेले. मग त्यांनी वळून खटका खाली केला. कुणाचं तरी दळण अर्धं आत, अर्धं बाहेर, तसंच राहिलं. वंदनाच्या दंडाला धरून त्या रस्ता ओलांडून गेल्या. मागून मी.

डॉक्टरांनी बघितलं आणि खुर्ची मागे सारून उठले. "पुढची गोळी नाही. एकही नाही. आत्ता निघा, इथे होणार नाही हे. धुळ्याला, मेडिकल कॉलेजात न्या." त्यांनी औषधाचं नाव ठळक अक्षरात लिहून दिलं. वंदनाच्या नवऱ्याला जिनिंगमधून बोलावलं, डॉक्टरांनी आपली गाडी दिली. पुढे नवरा, मागे वंदना, अक्का आणि मी. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला होता. अक्का वंदनाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिच्या चेहऱ्याला हात लागू नये म्हणून त्यांनी हात अधांतरी धरला होता, पार धुळ्यापर्यंत.

तिथल्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दमलेल्या होत्या, आणि रागावलेल्याही. "पुरळ उठल्यावरसुद्धा गोळ्या चालू ठेवल्या? कुणी सांगितलं तिला?"

नवरा खाली बघायला लागला. मी काहीतरी बोलणार होते, की गैरसमज झाला वगैरे.

"मी सांगितलं," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही कोण तिच्या?"

"कोणी नाही. गिरणीवाली. शेजारी राहते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. पिठानं भरलेलं लुगडं, पांढऱ्या भुवया. त्यांचा राग जरा ओसरला. त्यांनी समजावून सांगितलं, की काही लोकांना काही औषधांची अशी रिअॅक्शन येते, कुणाला येईल ते आधी कळत नाही. पण अंगावर चट्टे आले, तोंडात फोड आले, की त्याच क्षणी औषध थांबवून डॉक्टरकडे जायचं. जितकं लवकर थांबवाल, तितकं बरं. अक्कांनी ते सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा." बाईंनी पुन्हा सांगितलं.

नंतर आम्ही बाहेर बाकावर बसलो. नवरा औषधं आणायला गेला होता. मी चहा आणला. अक्कांनी कप हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"मास्तरांचं तुला सांगितलं नाही मी," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. ते कधीच गेले होते; भिंतीवर फोटो होता, एवढंच मला माहीत होतं. "त्यांना क्षय झाला होता. औषध सुरू केलं. बरं वाटायला लागलं आणि त्यांनी मधेच सोडलं. दुखणं उलटलं, मग कुठलंच औषध चालेना. गेले. असं मी सगळ्यांना सांगते."

त्यांनी कप दोन्ही हातांत फिरवला.

"ते खरं नाही. म्हणजे खरं आहे, पण अर्धं. त्यांना गोळ्या घेतल्या की उलट्या व्हायच्या. अन्न बघवत नसे. मला म्हणायचे, मला सोसत नाही गं. मी म्हणायचे, नाटकं करू नका, गिळा. शाळेत पोरांना दरडावता, आता स्वतः गिळा." त्यांनी कप खाली ठेवला. "मग त्यांनी मला सांगणंच सोडलं. घेतली का विचारलं, की घेतली म्हणायचे. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं काही बदललं असतं, काही केलं असतं. पण ते मलाच सांगेनात, तर डॉक्टरला कोण सांगणार?"

मग म्हणाल्या, "त्यांच्यानंतर मी गावाला दरडावायला लागले. गाव पण घेतली म्हणायला लागलं."

इतकं हळू बोलताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वंदना वाचली. सोपं नव्हतं, अंगाची कातडी निघाली, डोळ्यांची भीती होती, कित्येक दिवस ती नळीतून पाणी घ्यायची. अक्का धुळ्याला जात-येत राहिल्या. गिरणी कधी उघडी, कधी बंद. बाया डबे ठेवून जायच्या आणि कुणी तक्रार करायचं नाही. वंदना घरी आली तेव्हा चेहऱ्यावर डाग होते, ते हळूहळू फिके होत गेले. डोळे टिकले. तिला दवाखान्यानं एक कागद दिला होता, की हे औषध आणि याच्या जातीतलं कुठलंही पुन्हा कधी द्यायचं नाही. नवऱ्यानं तो प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतला.

ती घरी आल्यावर चार दिवसांनी अक्का डॉक्टरांकडे गेल्या. मीही होते. म्हणाल्या, "मी आता काय सांगायचं, ते नीट सांगा. अर्धं नको."

डॉक्टर म्हणाले, "अक्का, तुमच्यामुळे कितीतरी लोकांनी औषध नीट घेतलंय. मनाला लावून घेऊ नका."

"ते तुमचं ऱ्हाऊ द्या. वाक्य सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. अक्कांनी ते दोनदा म्हणून दाखवलं. आणि मग जे केलं, ते धरणगावात अजून लोक सांगतात. पाण्याच्या टाकीजवळ एक रिक्षावाला राहायचा. सर्कस, सेल, सभा, सगळ्यांच्या जाहिराती तोच भोंगा लावून करायचा. बाजाराच्या दिवशी सकाळी अक्का त्या रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं त्यांना माईक दिला आणि सांगितलं, हळू बोला अक्का, यात मोठा आवाज येतो. ते काही त्यांना जमलं नाही.

"ऐका वं बायासहोन, ऐका भाऊसहोन! मी गिरणीवाली अक्का बोली ऱ्हायनी. गोळी मधमा सोडानी नही, काही व्हयनं तरी सोडानी नही, असं मी बठ्ठा गावले सांगेल शे. ते अर्धं व्हतं. मन्ही चूक व्हयनी. गोळी लिधावर आंगवर चट्टा उठनात, तोंडमा फोड ऊनात, ओठ सुजनात, डोळा लाल व्हयनात, नही तं दम लागना, तं पुढली गोळी लेवानी नही, लगेच डाक्टरकडे पळानं. मळमळ व्हयनी, पोट बिघडनं, तं मनानं बंद करानी नही, पन गप बी बसानं नही. डाक्टरले इचारानं. आनी माले घाबरानं नही!"

रिक्षा बाजारातून फिरली, स्टँडवरून फिरली, जिनिंगच्या फाटकाशी थांबली. भाजीवाल्यांनी तराजू थांबवले. काही पोरं मागे पळत हसत होती. स्टँडवर माझ्याशेजारी एक म्हातारे आबा उभे होते, ते म्हणाले, "सोतानी चूक भोंगा लाईसन सांगस, अशी बाई मी तं कोठे देखी नही." शेवटचं वाक्य म्हणताना अक्कांचा आवाज दर वेळी चिरकत होता. रिक्षावाल्याला वाटलं माईक खराब झाला. तो सारखा वायर हलवून बघत होता.

त्यानंतर गिरणीवर काय व्हायला लागलं, तर लोक थांबून सांगायला लागले. पूर्वी पिशवी दाखवून निसटायचे. आता एखादी बाई डबा ठेवून म्हणायची, "अक्का, या गोळीनं पोराले ढाळ लागनात." अक्का गिरणी बंद करायच्या, कान पुढे करायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चल, समोर जाऊ. डॉक्टरला तूच सांग, मी नुसती उभी राहते." ओरडणं पूर्ण गेलं नाही. पण पुष्कळ कमी झालं. दळण मात्र उशिरा मिळायला लागलं.

वंदना मात्र गिरणीवर येत नव्हती. सासू यायची. अक्का काही विचारायच्या नाहीत. तिच्या घरी डबा पाठवायच्या, खिचडी पाठवायच्या, स्वतः जायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "भेटून या ना." त्या म्हणाल्या, "मला बघून ती पुन्हा घाबरली तर?"

उन्हाळ्यात वंदनाची दाढ सुजली. गाल एवढा मोठा, ताप. दातांच्या डॉक्टरांनी तिचा प्लॅस्टिकमधला कागद वाचला, आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि पूर्ण वेगळ्या जातीचं औषध लिहून दिलं. घेणं गरजेचं होतं. सूज गळ्याकडे उतरत होती. पण वंदनाचा हात गोळीकडे जाईना. आमच्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बसवलं, म्हणाले, माझ्यासमोर पहिली घे, मी इथेच आहे. तिनं ग्लास उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. नवरा समजावून दमला.

हे आतलं मला नंतर कळलं; तेव्हा मी गिरणीच्या बाकावर बसले होते. बघते, तर वंदना दवाखान्यातून निघून रस्ता ओलांडून सरळ गिरणीकडे आली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात दवाखान्यातला ग्लास. मागून डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

"अक्का," ती म्हणाली, "तुमनासमोर लेस."

अक्कांनी गिरणी थांबवली. त्यांचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला होता. त्या 'घे' म्हणाल्या नाहीत. इतकी वर्षं सगळ्या गावाला जे त्या एका दमात म्हणत आल्या, ते त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी पलीकडे डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "मी दार उघडं ठेवतो, अक्का. आणि आजच नाही, पुढचे दिवसही लक्ष ठेवायचं. मी येऊन बघीन."

वंदना अक्कांच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं गोळी गिळली.

मग आम्ही बसून राहिलो. अक्कांनी तिचा हात हातात घेतला होता. बाया दळण घेऊन यायच्या, आतला प्रकार बघायच्या आणि डबा भिंतीशी ठेवून तिथेच टेकायच्या. अक्का मधेच विचारायच्या, "खाज?" वंदना मान हलवून नाही म्हणायची. "घसा?" नाही. "दम?" नाही. ऊन बाकावरून सरकत रस्त्यावर गेलं. डॉक्टर एकेक पेशंट झाला की दारात येऊन बघून जायचे. अक्कांच्या ओठांची हालचाल चालली होती. त्या देवाचं नाव घेत होत्या, की मास्तरांशी बोलत होत्या, मला कळलं नाही.

दिवेलागणीला वंदनानं अंग ताणलं. इकडेतिकडे बघितलं. भिंतीशी दहा-बारा बाया बसलेल्या बघून ती लाजली आणि तोंडावर हात ठेवला.

"अक्का," ती म्हणाली, "भूक लागनी."

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिचा हात सोडला, पदरानं डोळे पुसले, आणि बसलेल्या बायांवर त्या दिवसातलं पहिलं ओरडल्या: "ऐकू येत नही का वं? पोरले भूक लागनी! भाकर कोना घरमा शे?"

सगळ्या एकदम उठल्या.